पाठीवर किती पाणी?

माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेर जिल्ह्यात पाच दिवस पायी हिंडणार आहेत. खाब्याच्या जुन्या किल्ल्यापासून खुडी गाव, तिथून समच्या वाळूच्या टेकड्या, असा साठ-पासष्ट किलोमीटरचा बेत आहे. उंट नको, वाटाड्या नको, जीप नको, सगळं स्वतःच्या पाठीवर, अशी त्याची अट. माझी थोरली बहीण भूजल सर्वेक्षणातून निवृत्त झाली. नोकरीतली ऐन उमेदीची वर्षं तिने जोधपूर, जैसलमेर, बाडमेर या पट्ट्यात विहिरींची पातळी मोजण्यात घालवली आहेत. त्यामुळे हा बेत तिच्या कानावर घालणं भाग होतं. पुढे जे झालं ते जवळजवळ जसंच्या तसं देतो. मध्ये कुठे मला राहवलं नाही, तिथे मी बोललो आहे.

भाचा : आत्या, रिकामी सॅक धरून सगळं सामान साडेसात किलो. टेंट, स्लीपिंग बॅग, कपडे, औषधं, पॉवरबँक. खाणं रोजचं सहाशे ग्रॅम, पाच दिवसांचं तीन किलो. झाले साडेदहा. हरिश्चंद्रगडाला मी याहून जड घेऊन चढलोय.

आत्या : पाणी?

भाचा : ते यावर.

आत्या : यावर म्हणजे किती?

भाचा : थंडीचे दिवस आहेत. स्वयंपाक धरून माणशी रोज चार लिटर.

आत्या : चार ठीक आहे. दुपारचं ऊन तापलं तर तेही कमी पडेल, पण धरू चार. पाच दिवसांचे वीस. एका लिटरचं वजन एक किलो. बाकी सगळ्याचं अल्ट्रालाइट निघालं, पाण्याचं अजून निघालेलं नाही. साडेदहा आणि वीस, साडेतीस. तुझं वजन?

भाचा : बासष्ट.

आत्या : म्हणजे स्वतःचं निम्मं वजन पाठीवर घेऊन वाळूत पाय रुतवत जाणार.

भाचा : पहिल्याच दिवशी फक्त. रोज चार किलो कमी होत जातात.

आत्या : आणि घोटा त्या पहिल्याच दिवशी मुरगळतो. अरे, हरिश्चंद्रगडावर तू दोन लिटर घेऊन जातोस, कारण वर कातळात खोदलेली टाकी आहेत. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी तुझ्या पाण्याची सोय करून ठेवली आहे. तू त्याला स्वावलंबन म्हणतोस.

(हा टोमणा मला आवडला. मुलाला नाही.)

भाचा : बरं, मग असं करतो. दोन दिवसांचं पाणी पाठीवर, आठ लिटर. पुढचं वाटेत घ्यायचं. माझ्याकडे फिल्टर आहे, पोकळ तंतूंचा. गढूळ डबक्यातलं पाणीसुद्धा पिता येतं.

आत्या : डबक्यातलं येतं. तिथल्या विहिरीतलं येईलच असं नाही. तो फिल्टर जंतू अडवतो, माती अडवतो. पाण्यात विरघळलेलं मीठ त्यातून सरळ पार होतं. जैसलमेर-बाडमेरच्या कितीतरी विहिरी खाऱ्या आहेत. पाहायला पाणी काचेसारखं स्वच्छ, आणि तोंडात घेतलं की कळतं. आपल्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. तिथे त्याच्याही पलीकडचं पाणी जनावरं पितात, आणि नाइलाजाने माणसंही.

भाचा : उकळलं तर?

आत्या : आणखी खारट होईल. वाफ उडून जाते, मीठ भांड्यात राहतं.

भाचा : फ्लोराइडचंही वाचलं होतं.

आत्या : फ्लोराइडने पाच दिवसांत तुझं काही बिघडणार नाही. ते तिथे जन्म काढणाऱ्यांचं दुखणं आहे, दातांचं आणि हाडांचं. तुला भोवतील ते क्षार. जुलाब लागतील. आधीच पाणी मोजून, त्यात जुलाब. क्षार मोजायचा पेनएवढा मीटर मिळतो, तो घे. फिल्टरपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

भाचा : म्हणजे तिथे गोडं पाणी नाहीच?

आत्या : आहे. पण ते कुठे आहे, हे तुझ्या नकाशावर नाही.

इथून पुढची दहा मिनिटं बहिणीने मुलाचा बेत बाजूला ठेवला आणि ती आपल्या विषयात शिरली. मीही तिला अडवलं नाही, कारण वाळवंटाच्या तयारीबद्दल इतरत्र जे सांगतात त्यात हे कुठेच येत नाही.

ती म्हणाली, तिकडे पाण्याच्या तीन जाती मानतात. पावसाचं वरच्यावर साठवलेलं ते पालर पाणी. खोल जमिनीतलं ते पाताळ पाणी, आणि खारं निघतं ते बहुधा हेच. या दोहोंच्या मध्ये तिसरं, रेजाणी पाणी. काही भागांत वाळूच्या खाली जिप्समचा आडवा थर आहे, तिकडे त्याला खडियाची पट्टी म्हणतात. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं, या थरावर अडतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. परातीवर ओली रेती पसरून ठेवावी तसा सगळा प्रकार. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस नसताना ही ओल वर्षभर टिकते कशी? आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. वाळूचे कण एकमेकांना धरून नसतात, म्हणून वाळूला भेगा पडत नाहीत. वरचा थर भाजून निघतो, खालची ओल झाकलेली राहते. तिथे माणसं अरुंद तोंडाची विहीर खणतात, जेमतेम एक माणूस आत बसून खणू शकेल एवढीच. कुठे तिला कुंई म्हणतात, कुठे बेरी. भोवतालच्या वाळूतली ओल थेंबथेंब आत गोळा होते. तोंड अरुंद, कारण रुंद ठेवलं तर पाणी उन्हाने उडेल. वर झाकण, आणि कितीतरी ठिकाणी त्याला कुलूप.

आत्या : त्याच जिप्समने 2006 मध्ये काय केलं, माहीत आहे? ऑगस्टमध्ये बाडमेरजवळ कवास गावात पूर आला. वाळवंटात पूर! माणसं गेली, हजारो जनावरं गेली. आणि पाणी ओसरेना. खाली तोच थर, पाणी जिरायला वाटच नाही. कित्येक महिने गाव तळ्यात उभं होतं. वाळू म्हणजे पाणी पिऊन टाकणारी, असं आपण धरून चालतो. खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय धरू नये.

भाचा : हे भारी आहे. पण आत्या, माझ्या बाजूनेच बोलतेयस तू.

आत्या : ते कसं?

भाचा : तूच मागे मला 'राजस्थान की रजत बूंदें' दिलं होतंस. त्यात लिहिलंय की एका कुंईतून दिवसाला दोन-तीन घागरीच पाणी निघतं. आम्ही तिघे. रोजचे बारा लिटर, म्हणजे एक घागर. एका घरच्या दिवसाच्या पाण्यातला तिसरा हिस्सा आम्ही पिणार, कशासाठी? तर आम्हाला सुट्टीत वाळवंट बघायचंय म्हणून. म्हणून तर म्हणतो, स्वतःचं पाणी स्वतः वाहू दे.

(अनुपम मिश्रांचं ते पुस्तक घरात आहे. मिश्र जन्माने वर्ध्याचे, हे जाता जाता.)

बहीण थोडा वेळ काही बोलली नाही. मला विचाराल तर सबंध वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता. ट्रेकिंगवाल्यांची पाण्याची गणितं मी बरीच ऐकली आहेत, त्यांत दुसऱ्याची घागर कुणी धरलेली पाहिली नव्हती.

आत्या : हे मान्य. बेरीचं पाणी मागायचं नाही. कुणी हातात पेला दिला तर तेवढं प्यायचं, नको म्हणायचं नाही. पण बाटल्या भरून घ्यायच्या नाहीत. पैसे पुढे करू नकोस, प्यायच्या पाण्याचे पैसे घेणं तिथे कमीपणाचं समजतात.

भाचा : म्हणजे पुन्हा साडेतीस किलो.

आत्या : किंवा उंट. एक उंट दीडशे किलो सहज नेतो. तिघांचं पाच दिवसांचं पाणी साठ लिटर, वर तुमची बिऱ्हाडं. बरोबर उंटवाला, म्हणजे वाट माहीत असणारा माणूस.

भाचा : उंट नको. ओझं जनावरावर टाकून मोकळ्या हाताने चालायचं, याला ट्रेक म्हणत नाहीत.

आत्या : हिमालयात तुमच्या टेंटची आणि किचनची ओझी खेचरांवर होती. तेव्हा ट्रेक झाला होता ना?

भाचा : तो ग्रुपचा बेत होता. हा माझा आहे. आणि समला काय चालतं ते मी बघितलंय. रांगेने तंबू, रात्री बारापर्यंत डीजे, फोटोपुरतं उंटावर बसवून दहा पावलं फिरवतात. त्या धंद्यात मला भर घालायची नाही.

आत्या : समच्या कडेचं ते मलाही बघवत नाही. पण त्याची शिक्षा उंटाला कशाला? 2012 च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, 2019 मध्ये अडीच लाख राहिले. ट्रॅक्टर आले, जीप आल्या, कुरणं गेली, उंटाला काम उरलं नाही. राजस्थानने 2014 मध्ये त्याला राज्यप्राणी केलं, त्याने त्याचा चारा सुटला नाही. पाच दिवस ओझं वाहायला उंट ठेवणं आणि दहा पावलांची चक्कर, यात तुला फरक दिसत नाही?

भाचा : दिसतो. तरी नको. आत्या, मला पाच दिवस कुणीही सोबत नको आहे. सबंध जिल्ह्याचं क्षेत्रफळ केरळाएवढं, आणि 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला माणसं सतरा. पुण्यात तर एका जिन्यात सतरा माणसं राहतात. मला ते रिकामपण हवंय.

आत्या : सतरा म्हणजे रिकामं नव्हे. थर हे जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. ती माणसं दूरदूर ढाण्यांमध्ये, म्हणजे छोट्या वस्त्यांमध्ये, पसरलेली आहेत, इतकंच. तू ज्याला निर्जन टेकडी म्हणशील, तिथे कुणाची तरी शेळी तुझ्या टेंटची दोरी चघळत असेल. तो थेसिगर तुझा आवडता ना? रुब-अल-खाली ओलांडणारा?

भाचा : हो.

आत्या : तो एकटा गेला होता?

भाचा : बेदू होते बरोबर. आणि उंट. बरं, कळलं.

आत्या : वाळवंटात एकटे जातात ते रस्ता चुकलेले. बाकी सगळे कुणाच्या तरी भरवशावर जातात.

हे वाक्य ऐकायला छान आहे, पण मला ते पटलेलं नाही. जगात एकट्याने वाळवंटं ओलांडणारे आहेत, आणि तयारीने जातात. बहिणीचं म्हणणं थरपुरतं खरं मानावं. तिथे एकटेपणा हवा तर तो माणसांच्या नजरेआड नाही, माणसांच्या देखतच मिळवावा लागतो.

वाट शेवटी मुलानेच काढली. दोन थांबे गावांत घ्यायचे, दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी. तिथल्या एकेका घरी आधी बोलून ठेवायचं. जैसलमेरमध्ये पाण्याचे वीस लिटरचे जार मिळतात, ते निघायच्या आदल्या दिवशी जीपने त्या घरी पोचवायचे, पुढचं खाणंही त्यांच्याबरोबर. पाणी शहरातलं, पैसे आपले, घागरीला हात लागत नाही. पाठीवर जास्तीत जास्त दोन दिवसांचं, आठ लिटर, वर एक लिटर राखीव. त्याचा पहिला विचार जार वाटेत वाळूत पुरून ठेवायचा होता. त्यावर आत्या एवढंच म्हणाली, की वारा टेकडीचा चेहरा एका रात्रीत बदलतो, आणि पुरलेलं प्लॅस्टिक तू परत आणशील यावर माझा विश्वास नाही.

भाचा : झालं तर मग. साडेसात, नऊ लिटर पाणी आणि दोन दिवसांचं खाणं. अठरा किलोच्या आत.

आत्या : आणि तुझं निर्जन वाळवंट आता दोन घरांच्या ओळखीवर उभं आहे.

भाचा : ओळख म्हणजे व्यवहार आहे. जार ठेवायचं भाडं देईन.

आत्या : दे. घेतात का बघ.

त्यानंतर सामानाची यादी निघाली. यादीत वादाचं फारसं काही नव्हतं, त्यामुळे भरभर सांगतो. गरम पाणी ओतून करायचं पॅकेटमधलं सुकं जेवण निम्मं कमी केलं. हलकं असतं खरं, पण प्रत्येक पाकिटाला तीन-चारशे मिली पाणी लागतं, म्हणजे हलकेपणाची भरपाई बाटलीतून. त्याऐवजी दुधातल्या दशम्या, खाकरे, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खजूर. गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, तो जैसलमेरला मिळाला तर ठीक, नाहीतर चहा गावातच. सरपण तोडायचं नाही, विशेषतः खेजडीला हात लावायचा नाही. खेजडी म्हणजे आपली शमी. कपडे सैल, पूर्ण बाह्यांचे, दिवसा सुती. पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा लोकर. अंगाला घट्ट बसणारे सिंथेटिक टी-शर्ट मुलाने तरीही घेतलेच आहेत. मीठ-साखरेच्या पुड्या भरपूर, संपल्या तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, आणि तेही जिवावर बेततं. पाणी पुरवून पुरवून प्यायचं नाही हेही तिने दोनदा सांगितलं. तहान लागली की प्यायचं, जपायचा तो घाम, म्हणून दुपारी सावलीत बसायचं.

दोन गोष्टींवर मात्र ती रेंगाळली.

आत्या : हवेची फुगवायची मॅट घेऊ नकोस. जाड फोमची घे.

भाचा : फोमची बोजड असते.

आत्या : तिथे विलायती बाभूळ आहे, तिचा काटा मॅट, टेंटचा तळ आणि चपलेचा तळवा यांतून एका दमात जातो. आणि भुरट. नाव ऐकलंयस?

भाचा : नाही.

आत्या : गवत आहे. त्याची बोंडं ज्वारीच्या दाण्याएवढी, सगळीकडून काटेरी, आणि प्रत्येक काट्याला उलटी दातरी. मोज्याला लागतं, नाडीला लागतं, स्लीपिंग बॅगच्या अस्तरात शिरतं. हाताने काढायला गेलास तर बोटात मोडतं, टोक आत राहतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे पू होतो. जिथे मोजे काढलेस तिथेच बसून चिमट्याने एकेक काढायचं, टेंटमध्ये न्यायचं नाही. लहान टोकदार चिमटा घे, भुवया कोरायचा. तो गळ्यात दोरीला बांध. वाळूत पडला तर सापडणार नाही.

(चिमटा ही सबंध यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि कुठल्याही दुकानदाराने मुलाला ती सुचवली नव्हती.)

भाचा : आणि टेंट? वाळूत खुंट्या धरत नाहीत म्हणतात.

आत्या : नाहीत धरत. उभ्या ठोकू नकोस. कापडी पिशवी वाळूने भर, तोंड बांध, तिला दोरी लाव आणि हातभर खड्डा करून पुर. वर पाय देऊन दाब. दोरी वाऱ्याने ओढली गेली तरी पिशवी वाळूत धरून राहते. पिशव्या जाताना रिकाम्या, येताना रिकाम्या, वजन काही नाही. टेंट टेकडीच्या माथ्यावर लावू नकोस आणि वारा वाळू आडोशाला टाकतो त्या उतारावरही नको. तो उतार भुसभुशीत असतो, वाळू सतत घसरत असते. चालतानाही वाऱ्याकडच्या अंगाने चढ, तिथे वाळू दाबलेली असते. पण खरं सांगू, पाच दिवसांतले जेमतेम दीड दिवस तू टेकड्यांवर असशील. बाकी सगळं खडकाळ माळ आणि खडे. तुझ्या बुटांचा तळ पातळ आहे.

साप हा विषय मी काढला. बापाचं काळीज. डिसेंबरात ते बहुतेक बिळात असतात, बहीण म्हणाली. तिथलं फुरसं कोकणातल्यासारखंच चावरं, तेव्हा बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही आणि अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. बस, एवढंच. माझं समाधान झालं नाही, पण पुढे गेलो.

भाचा : संकटात सापडलो तर सॅटेलाइट मेसेंजर आहे. मित्राच्या भावाने अमेरिकेहून आणलाय. मोबाइलला रेंज नसली तरी बटण दाबलं की संदेश जातो.

आत्या : तो इथेच ठेव.

भाचा : का? सुरक्षेचीच वस्तू आहे ना?

आत्या : आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय ते उपकरण बाळगता येत नाही. असले मेसेंजर जवळ सापडले म्हणून परदेशी गिर्यारोहकांना विमानतळांवर अडवलेलं आहे. तू तर सरहद्दीच्या जिल्ह्यात तो सॅकमध्ये घालून हिंडणार. पोलिसांनी किंवा बीएसएफने सॅक उघडली तर पाच दिवसांची सहल चौकीत संपेल.

भाचा : मग हाक मारायची कशी?

आत्या : जिथे जार ठेवलेत त्या घरांना सांगून. अमुक दिवशी दुपारपर्यंत आलो नाही तर निघा, असं. शिवाय खुडीला पोलिसांना तुमची नावं आणि वाट कळवून ठेवायची. वाट चुकलीच तर चालत राहायचं नाही, आहात तिथेच सावली करून बसायचं. आणि दिशा बघायला तुला काय लागतं? फोनमध्ये नकाशा उतरवून घे, जीपीएसला रेंज लागत नाही. रात्री त्या भागात पवनचक्क्यांचे लाल दिवे कितीतरी लांबून दिसतात.

भाचा : आणि माझी वाट सुदासरीवरून जाते. खुडी ते सम, सरळ रेषेत. तिथे एकही घर नाही, मला हवं तसं.

आत्या : घर नाही, कारण ते राष्ट्रीय मरू उद्यानाचं राखलेलं कुरण आहे. परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, मुक्काम तर नाहीच. तिथे माळढोक आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला लहानपणी तुला नेलं होतं, दुर्बिणीतून दिवसभर बघत बसलास, काही दिसलं नाही. देशात उरलेले बहुतेक माळढोक आता या जैसलमेर जिल्ह्यात आहेत. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालणारा पक्षी. तुमचे तीन टेंट, तीन हेडटॉर्च, आणि तुमच्या खरकट्यामागून आलेली कुत्री.

भाचा : वळसा किती पडेल?

आत्या : पडेल. अर्धा दिवस गावांच्या बाजूने, रस्त्याला धरून चाल.

भाचा : डांबरी रस्त्याला?

आत्या : डांबरी रस्त्याला. वाळवंटात डांबरही आहे.

इथे मुलगा खरोखर खट्टू झाला. त्याचं सगळं वाळवंट एकेक करून काढून घेतलं जात होतं: पाणी शहरातलं, घरं ओळखीची, वाट रस्त्याकडेची. मला बहिणीचा थोडा रागच आला. तिचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं, पण या वयात माणूस बरोबर म्हणण्यांसाठी घर सोडून जात नाही. मी म्हटलं, त्याला हवं ते एक तरी राहू दे.

आत्या : एक रात्र. तिसरी. खुडीच्या पुढे, उद्यानाच्या हद्दीबाहेर, कुठली टेकडी ते आधी ठरवून. तिघेच. उंट नाही, माणूस नाही, मी नाही.

भाचा : टेंटही नको. उघड्यावर.

आत्या : थंडीने काकडशील. पण ठीक. तयारी मात्र माझ्या पद्धतीने. या रविवारपासून सिंहगड, सॅकमध्ये नऊ लिटर पाणी भरून.

भाचा : करतात सगळे. वर गेलं की ओतून टाकतात, उतरताना गुडघे वाचतात.

आत्या : तू ओतायचं नाहीस. चढताना, उतरताना जेवढं पिशील तेवढंच कमी होईल. संध्याकाळी मला सांग किती उरलं. तुझे चार लिटर खरे की कागदावरचे, ते तिथे कळेल. आणि नंतर एक शनिवार-रविवार हर्णै-मुरुडला. ओल्या वाळूत नाही, वरच्या कोरड्या वाळूत, तीन तास, हेच बूट घालून. फोड यायचे ते इथेच येऊ देत.

भाचा : आणि त्या तिसऱ्या रात्रीची अट माझी. गावात सांगून ठेवीन कुठे आहोत ते, पण सकाळी दहापर्यंत कुणी शोधायला यायचं नाही.

आत्या : सांग तसं. ते रात्रीच एकदा येऊन जातील. लांबून बघतील, तुला कळणारही नाही.

भाचा : मग एकटं कसलं?

आत्या : तुला कळणार नाही म्हटलं ना!